ग्रंथपालासारखे कसे दिसावे : भिवंडीतील नवोदितांसाठी

अभिनंदन. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तुम्ही पार केलात, ड्युईच्या वर्गीकरणातले दहा वर्ग घोकलेत आणि भिवंडीतल्या एका वाचनालयात चिकटलात. दाखल नोंदवही लिहिता येते, वर्गांक टाकता येतो, वाळवी लागलेले कपाट वासावरून ओळखता येते. एकच अडचण आहे. तुम्ही ग्रंथपाल वाटत नाही. उद्या काउंटरवर बसाल तेव्हा येणारा वाचक तुमच्या डोक्यावरून मागे पाहील आणि विचारेल, "मॅडम आहेत का?"

"मीच. बोला."

"नाही, त्या मोठ्या मॅडम."

मोठ्या मॅडम नाहीत आणि कधी नव्हत्याही. त्या वाचकाच्या डोक्यात असतात. त्यांच्यासारखे दिसायला शिकणे, एवढाच या मार्गदर्शिकेचा हेतू.

पहिली वस्तू चष्मा. नंबर नसला तरी लावावा. साखळीने गळ्यात अडकवता आला तर पगार न वाढताही ज्येष्ठता वाढते. ग्रंथपाल आणि चष्मा ही जोडी पक्की करण्यात सिनेमाचा हात मोठा. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या १९४६च्या अमेरिकन चित्रपटात नायकाला दाखवतात, की तू जन्मलाच नसतास तर काय काय अनर्थ झाले असते. भाऊ लहानपणीच मेला असता, गाव एका लोभी सावकाराच्या घशात गेले असते. आणि बायको? तिचे लग्न झाले नसते, तिला चष्मा लागला असता आणि ती ग्रंथपाल झाली असती. भावाच्या मृत्यूच्या पंक्तीला ही दुर्घटना बसवली आहे! (होर्हे लुईस बोर्हेस १९५५मध्ये अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याला कोणत्याच चष्म्याचा उपयोग नव्हता. पण अपवादाकडे पाहून नवोदितांनी बिघडू नये.)

दुसरी वस्तू अंबाडा. पुरुष उमेदवारांनी त्याऐवजी टक्कल वापरावे.

कार्डिगन मात्र वगळा. इंग्रजी पुस्तकांतल्या ग्रंथपाल बाई तो घालतात हे खरे. पण खाडीकाठच्या मे महिन्यात, दुपारी दोनला वीज गेलेली असताना, बंद पंख्याखाली तो घालून बसलात तर वाचक पुस्तक न मागता आधी पाणी आणून देतील.

आता आपल्या घरच्या साच्याकडे येऊ, कारण भिवंडीचा वाचक हॉलिवूडवर वाढलेला नाही. त्याच्या मनात दोनच मूर्ती आहेत. एक काळी टोपी, धोतर, बंद गळ्याचा कोट घातलेले गृहस्थ. पुस्तक देताना त्यांना यातना होतात. दुसऱ्या सुती साडीतल्या बाई. त्यांना तुमची वर्गणी कधीपासून थकली हे पाठ असते. या मूर्ती कुठून आल्या ते कळायला कोणत्याही जुन्या वाचनालयाच्या भिंती पाहाव्यात. शेजारच्या कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. इतक्या वयाच्या संस्थेत भिंतीवर पगड्या, उपरणी आणि मिशा ओळीने टांगलेल्या असणारच. त्या तसबिरी संस्थापकांच्या, अध्यक्षांच्या, देणगीदारांच्या. पुस्तके झटकणाऱ्याची तसबीर कोणी लावत नाही. एकच मोठा अपवाद म्हणजे शियाळी रंगनाथन. त्यांच्या जन्मदिनी, १२ ऑगस्टला, हार घालायला त्यांचा फोटो लागतो म्हणून तो बहुतेक ठिकाणी असतो. गणिताचे हे प्राध्यापक १९२४मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून परत वर्गात जाऊ पाहत होते. पुढे १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत छापले. पाचांपैकी एकातही कपड्यांचा विषय नाही. फोटोत मात्र फेटा आहे, आणि लोकांनी सिद्धांत सोडून फेटा लक्षात ठेवला.

भिवंडीत कापडाची निवड हा नाजूक भाग आहे. इथे लाखो यंत्रमाग ग्रे कापड विणतात. ते रंगायला, धुवायला प्रोसेसला जाते आणि मग देशभर अंगावर चढते. वाचनालयाच्या शेजारी एखादा कारखाना असला की खिडकीतून रुईचे तंतू येतात आणि कादंबऱ्यांच्या माथ्यावर बसतात. काळी पँट घातलीत तर तासाभरात तिच्यावर पांढरी लव उगवते. पांढरा शर्ट घातलात तर पुस्तकांची धूळ त्यावर आपला कारभार मांडते. पुस्तकांचा गठ्ठा दोन्ही हातांत धरून, वरचे पुस्तक हनुवटीने दाबून कपाटाकडे चाला. छातीपासून पोटापर्यंत एक सरळ राखाडी पट्टा उमटतो. म्हणून अनुभवी माणसे मातकट, करड्या, राखेच्या रंगाचे कपडे घेतात. ग्रंथपाल नीरस असतात म्हणून फिके कपडे घालतात, असा जगभर समज आहे. धूळ कोणत्या रंगावर दिसत नाही, एवढाच हिशेब त्यामागे असतो.

साडी की सलवार-कमीज, या वादात पडू नका. लाकडी घोड्यावर चढून वरच्या फळीवरचा विश्वकोशाचा खंड काढायचा असेल तर उत्तर आपोआप मिळते.

काही उमेदवार विचारतात, सरकारी नियम काय सांगतो? डिसेंबर २०२०मध्ये राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपरला मनाई केली आणि शुक्रवारी खादी घालायला सांगितले. जीन्सबंदीचा आग्रह नंतर मागे पडला. ज्या गावात यंत्रमागाने हातमागाला केव्हाच बाजूला सारले, आणि ज्या गावचे माग शुक्रवारीच बंद असतात, तिथे शुक्रवारची खादी हा विनोद कोणाला सुचला असेल, त्याला नमस्कार. मार्च २०२४मध्ये शिक्षकांसाठी वेगळा फतवा निघाला : साडी किंवा सलवार-दुपट्टा, पुरुषांनी शर्ट पँटमध्ये खोचलेला. तुम्ही मात्र अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयात आहात. १९६७चा ग्रंथालय कायदा तुमच्या संस्थेला मान्यता देतो, अ ब क ड असा वर्ग देतो, दोन हप्त्यांत अनुदान देतो. तुम्हाला सरकारी कर्मचारी मानत नाही. म्हणजे वेतनश्रेणी नाही, पण जीन्सही कोणी अडवत नाही. काहीतरी मिळाले!

चेहऱ्यावरचे भाव. ओठांवर बोट ठेवण्याचा सराव आरशासमोर करावा असे जुन्या पाठ्यक्रमात धरले जाते. सिएटलच्या नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंची २००३मध्ये चक्क बाहुली निघाली. पाठीवरचे बटण दाबले की तिचे बोट ओठांकडे जाते. काही ग्रंथपाल चिडले, आणि बाहुली भरपूर खपली. भिवंडीत हा हावभाव वाया जातो. बाहेर मागांची खटखट सुरू असताना आत कुजबुजणाऱ्याला गप्प करून काय साधणार? अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरे त्या खटखटीतच जन्मलीत, त्यांना ती ऐकूच येत नाही. त्यांना त्रास होतो तो वृत्तपत्र विभागातल्या काकांचा, जे अग्रलेख मोठ्याने वाचतात. आणि काकांना गप्प बसा म्हणण्याचे धाडस असलेला ग्रंथपाल अजून नेमला गेलेला नाही.

संबोधनांची तयारी ठेवा. काउंटरवर एकाच सकाळी तुम्ही मॅडम, ताई, "अहो बाई" आणि "बाजी, नौवीं की गाइड है क्या?" अशा चौघीजणी होता. पुरुष असाल आणि जीन्स घातली असेल तर, "ए, जरा पंखा वाढव." पंखा वाढवावा. मग शांतपणे त्यांच्या कार्डावर विलंब शुल्क लिहावे.

एवढे करूनही जमले नाही, तर शेवटचा उपाय हाताच्या अंगठ्याचा. तारखेचा रबरी शिक्का जांभळ्या शाईच्या पॅडवर दाबताना अंगठा कडेला लागतो, आणि महिन्याभरात नखाच्या कोरीत कायमची रेघ बसते. ओळख म्हणून ती चष्म्याहून खात्रीची आहे, कारण ती दुकानात विकत मिळत नाही. लिंबू, रॉकेल वगैरे प्रयोग करू नका, कातडी जाते, शाई राहते. दिवाळीत तर नादच सोडा. १९०९मध्ये 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून त्या दिवसांत वाचनालयात अंकांचे गठ्ठे पडतात, प्रत्येकावर शिक्का, प्रत्येकाची नोंद, आणि पहिला अंक कोणाला यावरून भांडण. नवे कपडे त्याच महिन्यात घ्यावेत असे वाटेल. घेऊ नका. अनुदानाचा हप्ता दिवाळीच्या आत जमा होईल, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.