भरतीप्रमुख साहेबांस, पाचोऱ्याहून

प्रति,
मा. भरतीप्रमुख,
जागतिक खिलाफत (ऑनलाइन विभाग),
मुक्काम आज टेलिग्राम, उद्या सिग्नल, परवाचं तुम्हालाच ठाऊक.

विषय : आपल्या खात्यातील मंदीबद्दल सांत्वन.

साहेब,

पक्का पत्ता नसलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे ते उघडंच लिहावं लागतं. शिवाय तुमची नावंही किती! भटकळच्या शफी अरमारचा तिकडे गेल्यावर ‘यूसुफ अल-हिंदी’ झाला, आणि 2017 साली अमेरिकेनं त्याला जागतिक दहशतवाद्यांच्या यादीत घातलं. तो मेल्याच्या बातम्या एवढ्या वेळा आल्या की मरणावरचाच विश्वास उडाला. त्यामुळे नाव सोडतो आणि हुद्द्यावरच लिहितो.

आधी सांत्वन. 2011 च्या जनगणनेत या देशात मुसलमान भरले 17 कोटी 22 लाख. तुमच्या ‘इसिस’ संघटनेशी संबंधांवरून देशभरात किती लोक पकडले, ते सरकारनं जून 2019 मध्ये लोकसभेत सांगितलं : 155. सगळेच्या सगळे दोषी धरले तरी कोटीमागे दहासुद्धा भरत नाहीत. केवढी मेहनत घेतलीत तुम्ही! चकचकीत व्हिडिओ, इंग्रजी मासिकं, काळे झेंडे. बाजार मात्र उठलाच नाही. माझं मत विचाराल तर भाषेनं घात केला. आमच्याकडे घरात उर्दू, शाळेत मराठी आणि बाजारात अहिराणी. तुम्ही आलात अरबी घेऊन. एखादा व्हिडिओ अहिराणीत काढून बघायचा होता. खिलाफतीची घोषणा संपायच्या आत समोरच्यानं विचारलं असतं, “ते जाऊ दे, जेवना का भो?”

पण तुम्हाला गर्दी नकोच असते, हे मला कळतं. तुम्हाला पुरतो एकच. रात्री एक वाजता जागा असलेला, वडिलांशी बोलणं तुटलेला, नोकरीच्या मुलाखतीत आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदललेला पाहून आलेला. त्याला तुम्ही नावानं हाक मारता. त्याचं ऐकून घेता, अगदी तासन्‌तास. इतकं निवांत त्याचं ऐकायला त्याच्या मास्तरला, मौलानाला, आमदाराला आणि खरं बोलायचं तर आम्हा घरच्यांनाही वेळ झालेला नसतो. मग हळूच म्हणता, तू इतरांसारखा नाहीस. आणि शेवटी, अम्मीला यातलं काही सांगू नकोस. तुमच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं सार त्या शेवटच्या वाक्यात आहे. जो धर्म आईपासून लपवावा लागतो, तो कसला, हे त्या वयात सुचत नाही.

कल्याणची चार पोरं आठवत असतील. मे 2014. शिकलेली, त्यांत अभियांत्रिकीवाली. घरी न सांगता निघाली आणि गेली कुणासोबत, तर इराकच्या जियारतीला निघालेल्या यात्रेकरूंच्या जथ्यात. बगदादपर्यंत दर्ग्यांना भेटी देणाऱ्यांच्या गाडीतून आणि पुढे तुमच्याकडे. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, तुमच्या लोकांनी मोसूलमधली हजरत युनूस यांची मजार सुरुंग लावून उडवली. ज्या निमित्तानं पोरं घराबाहेर पडली, ते निमित्तच तुम्ही जमीनदोस्त केलंत. हिशेबाला तुम्ही पक्के, हे मानलं पाहिजे. त्या चौघांपैकी एक नोव्हेंबरमध्ये परतला. त्याच्या चौकशीच्या ज्या बातम्या छापून आल्या, त्यांत लिहिलं होतं की त्याच्या वाट्याला लढाई कमी आणि संडास धुणं, पाणी भरणं जास्त आलं. जन्नतच्या जाहिरातीत हा तपशील बारीक अक्षरांतसुद्धा नव्हता. शिवाय संडास धुवायला सिरियाला कशाला जायचं? आमच्या नगरपालिकेत त्याही कामाला माणसं कमीच असतात.

आमच्या तालुक्यात परधाडे नावाचं छोटं स्टेशन आहे. 22 जानेवारी 2025 ला तिथे पुष्पक एक्सप्रेसमध्ये कुणीतरी ओरडलं, आग लागली. चाकाशी धूर म्हणा, ठिणगी म्हणा, काहीतरी दिसलं होतं असं सांगतात. आग नव्हती. लोकांनी साखळी ओढली, उड्या टाकल्या आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसं गेली. साहेब, तुमचा धंदा हाच. धूर तुम्ही काढलेला नसतो, तो खराच असतो. आडनावावरून नाकारलेली भाड्याची खोली खरी, गोमांसाच्या संशयावरून झालेली मारहाण खरी, टीव्हीवरच्या रोजच्या शिव्या खऱ्या. तुम्ही त्या धुराकडे बोट दाखवता, “आग!” म्हणून ओरडता आणि पोराला नेमकं त्या बाजूला उतरायला सांगता जिकडून दुसरी गाडी येतेय. तुम्ही स्वतः मात्र आपली जागा कधी सोडत नाही.

आता तुमच्याविरुद्ध सरकारनं उभ्या केलेल्या फळीविषयी. ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

सणवार जवळ आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बसते. खुर्च्या ठरलेल्या, माणसंही ठरलेली : मशिदीचे ट्रस्टी, निवृत्त मास्तर, दोन-चार नगरसेवक, गॅरेजवाला हाजी, एक-दोन पत्रकार. ठाण्याचे साहेब बोलायला उठतात. भाईचाऱ्यावर दोन वाक्यं होतात आणि मग आमच्या बाजूच्या खुर्च्यांकडे बघून तिसरं येतं : “तुमच्या समाजातले तरुण भरकटू नयेत, याची जबाबदारी तुमची.” आम्ही माना डोलावतो. चहा येतो. सभेत सगळ्यात तरुण असतो तो चहा आणणारा पोरगा, आणि त्याला बिचाऱ्याला कपांचा हिशेब सोडून दुसरं काही भरकटायला फुरसत नसते. ज्याच्याशी तुम्ही रात्री बोलत असता, तो या बैठकीला कधी आलेला नाही. ट्रस्टींचा फोन अजून बटणांचा आहे. टेलिग्राम म्हटलं की त्यांना तारखात्याची तार आठवते. म्हणजे तुम्ही एकाशी नाव घेऊन बोलता आणि सरकार एका अख्ख्या समाजाशी, तेही चुकीच्या खोलीत.

बरं, समाजानं आवाहनाची वाट बघितली होती असंही नाही. 2008 साली देवबंदच्या उलेमांनी दहशतवादाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, तेव्हा तुमचं दुकान उघडलंही नव्हतं. त्याच वर्षी 26/11 च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या कब्रस्तानानं जागा नाकारली. प्रेतं वर्षाहून जास्त काळ शवागारात पडून राहिली आणि शेवटी सरकारनंच ती गुपचूप पुरली. मातीसुद्धा न देणं यापेक्षा कडक निषेध आमच्याकडे नाही. 2015 मध्ये देशातल्या हजाराहून जास्त उलेमांनी नाव घेऊन तुमच्या संघटनेविरुद्ध फतवा काढला. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी धर्मगुरूंना बोलावून मदत मागितली, तेव्हा निम्मी मदत आधीच छापून झाली होती.

एक विषय मात्र तुमच्या हातात आयता पडतो. डॉ. दाभोलकरांच्या खुनात 2024 साली दोघांना जन्मठेप झाली. तेही तरुणच आणि त्यांनाही कुणीतरी भरकटवलंच होतं. त्यानंतर त्यांच्या समाजाच्या पुढाऱ्यांना ठाण्यात बोलावून “पोरांवर लक्ष ठेवा” सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि सांगूही नये. खून करणाऱ्याचा समाज खुनी नसतो, हे सरकारला तिथे बरोबर कळतं. ते आमच्याही वेळी कळलं, तर रात्री एक वाजता तुम्हाला बोलायला विषय उरणार नाही.

तुम्हाला खरं कुणी अडवलं, सांगू? घरांनी. कल्याणची पोरं नाहीशी झाली तेव्हा पोलिसांकडे धावले ते त्यांचेच घरचे. 2015 च्या शेवटी मालाडच्या मालवणीतून पोरं गेली, तिथेही बेपत्ता झाल्याची तक्रार घरच्यांनीच दिली. त्याच सुमारास पुण्यातली सोळा वर्षांची एक मुलगी तुमच्या गळाला लागली होती. एटीएसनं तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही. घरच्यांना आणि उलेमांना सोबत घेऊन तिला समजावलं. तिथे तुमचा पराभव झाला, आणि त्यासाठी एकही सभा भरवावी लागली नाही.

म्हणून तुमचा सगळ्यात मोठा आधार कोणता, तर ठाण्याची पायरी चढताना बापाच्या पायात येणारा गोळा. तो कुठून येतो, हे पाचोऱ्याला कळायला फार लांब जावं लागत नाही. भुसावळ रेल्वेनं तासाभरावर आहे. 1994 मध्ये ‘भुसावळ अल-जिहाद’ नावाचा कट उघडकीला आणल्याचं पोलिसांनी सांगितलं. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा लागला. नाशिकच्या टाडा न्यायालयानं अकरा जणांना निर्दोष सोडलं ते फेब्रुवारी 2019 मध्ये. पुरावा नव्हता, आणि टाडाच्या अटीही पाळलेल्या नव्हत्या. हे ठरायला पंचवीस वर्षं लागली. तारखांना जाऊन जाऊन त्यांच्यातल्या तरुणांचे केस पिकले, आणि खुद्द टाडा कायदा तर 1995 मध्येच बंद झाला होता. मालेगावचंही तेच. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बरातचा दिवस, बॉम्ब फुटले मोठ्या कब्रस्तानापाशी, मेले बहुतेक मुसलमान आणि पकडले नऊ मुसलमान. 2016 मध्ये न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं, तोवर त्यांच्यातला एक हयातही नव्हता.

आता रात्री मुलाच्या मोबाइलमध्ये काळा झेंडा दिसलेला बाप काय करेल? पुण्याची मुलगी आठवली तर ठाण्यात जाईल. भुसावळ आठवलं तर मोबाइल विहिरीत टाकेल, दाराला कडी लावेल आणि गप्प बसेल. तुम्हाला त्याचं गप्प बसणं हवं असतं. त्या एका रात्रीवर तुमचं सगळं खातं चालतं.

तेव्हा साहेब, तुमच्या खात्यातली मंदी अशीच वाढत जावो, हीच सदिच्छा. आमच्या पोरांशी नावानं बोलायचं काम आम्ही तुमच्याकडून काढून घेत आहोत. उशीर झालाय, पण आम्हाला त्यांची टोपणनावंही माहीत आहेत. तुम्हाला फक्त युजरनेम.

कळावे, लोभ नव्हताच,

आपला कधीही न झालेला,
एक पाचोरेकर मुसलमान

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर :

1. मा. गृह विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई. पुढच्या आवाहनाचा मसुदा करताना ‘तुमचा समाज’ हे शब्द वगळून बाकीचं वाक्य अर्थपूर्ण राहतं का, ते तपासावं. राहत नसल्यास आवाहन काढू नये.

2. मा. ठाणे अंमलदार, जे ठाणे असेल ते. रात्री-अपरात्री एखादा बाप मुलाचा मोबाइल हातात घेऊन आला, तर त्याला आधी बसायला सांगावं. मुलाला समजावणार की अडकवणार, ते त्याला तिथेच स्पष्ट सांगावं, आणि सांगितलेलं पंचवीस वर्षं पाळावं.