मोजे घाला, मग जेवा

मुंबईत लहान मुलाला घेऊन बाहेर जेवायला जाणं आता फार सोपं झालं आहे म्हणे. रविवारच्या पुरवण्यांत याद्या येतात, सोसायटीच्या ग्रुपवर शिफारशी येतात आणि प्रत्येक शिफारशीत ‘मुलांची नुसती धमाल’ हे शब्द असतातच. धमाल कसली, ते कुणी लिहीत नाही. मी सांगतो. मोज्यांची.

पूर्वी हॉटेलात शिरलं की विचारायचे, “किती जण?” आता विचारतात, “सॉक्स आहेत?”

मॉलचा वरचा मजला, भिंतीवर हसरा जिराफ, प्लास्टिकच्या चेंडूंचा हौद, त्याला लागून चार टेबलं. या टेबलांमुळे त्या जागेला कॅफे म्हणायचं. आत जायचं तर मोजे हवेत, आणि घरून आणलेले चालत नाहीत. ते मोजेच आहेत, हे काउंटरवरच्या मुलीलाही मान्य असतं. पण त्यांच्या तळव्यांना रबराचे ठिपके नसतात. ठिपके नसले तर मूल घसरतं. मूल घसरगुंडीवर घसरायलाच आलेलं असतं, हा मुद्दा तिथे मांडून पाहावा. “सर, पॉलिसी आहे,” एवढंच उत्तर मिळतं. मग आपण शहाणपणा करतो आणि पुढच्या खेपेला मागचे ठिपकेवाले मोजे धुऊन, जोडी जुळवून घेऊन जातो. तेव्हा कळतं की ते दुसऱ्या कॅफेचे आहेत. त्यांचे हिरवे, यांचे निळे. हिरव्या ठिपक्यांवर निळा कॅफे विश्वास ठेवत नाही.

बरं, हे फक्त मुलांपुरतं नाही. सोबतच्या मोठ्यांनाही मोजे सक्तीचे. ज्याचा पाय अजून जमिनीला लागलेला नाही, अशा कडेवरच्या बाळालाही. शेजारच्या टेबलावर एक आजी बसलेल्या असतात, इरकली नेसलेल्या, आणि काठाखालून पोपटी मोजे डोकावत असतात. आजोबा वाकून, धापा टाकत, दुसरा मोजा टाचेवर चढवत असतात. या गृहस्थांनी उभी हयात विरार लोकलच्या दारात एका पायावर काढली. एका हातात डबा, दुसऱ्या हाताची चार बोटं दांडीला, पाय कोल्हापुरी चपलेत आणि बाहेर धो धो पाऊस. घसरले नाहीत. नातवाच्या चेंडूंच्या हौदापर्यंतची दहा पावलं मात्र त्यांना रबरी ठिपक्यांशिवाय झेपणार नाहीत, असं कॅफेवाल्यांचं ठाम मत आहे.

जेवणाचं काय? जेवण असतं. मुलांच्या मेनूवर फ्राइज, नगेट्स, पांढऱ्या सॉसमधला पास्ता आणि डोळे-तोंड काढलेला पिझ्झा. माहीमला जा, मुलुंडला जा, यात बदल नाही. जणू दहा वर्षांखालच्या माणसाला भाजी विकणं हा गुन्हाच आहे. तेही कुणी खात नाही, कारण खेळाचे पैसे तासावर लावलेले असतात आणि घास चावत बसणारं मूल म्हणजे आईबापांचं नुकसान. “नंतर खा, आधी खेळ! पंधरा मिनिटं राहिली!” असं ओरडणारे पालक मी याआधी कुठल्याही हॉटेलात पाहिले नव्हते. बाहेरचे पदार्थ आणायला बंदी. त्यामुळे ज्या आईला पोराच्या पोटाची खात्री असते, ती पर्समधला मऊ भाताचा डबा टेबलाखाली उघडते आणि वेटरची पाठ वळली की चमचा भरवते.

मग बिल. खाण्यावर 5 टक्के जीएसटी, ठीक. सेवाशुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, ते ग्राहकाच्या मर्जीवर, असं 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगून टाकलं. तेव्हापासून पालक त्या ओळीवर बोट ठेवून भांडू शकतात. मोज्यांच्या ओळीवर भांडता येत नाही. मोजे तुम्ही विकत घेतलेले असतात, ते तुमचे असतात, तुम्ही ते घरी न्यायचे असतात. न्यायचे कुठे? मे महिन्यात, घामाने बनियन अंगाला चिकटलेलं असताना, रबरी ठिपक्यांचे मोजे घालून मुंबईत कोण हिंडतं? घराघरात त्यांचे ढीग आहेत. पंखे पुसून संपत नाहीत.

सुरक्षेचा एवढाच कळवळा असेल तर हे मोजे फुटपाथवर वाटा की. जुलैमध्ये शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर, जिथे एक ब्लॉक वर आलेला आणि शेजारचा गायब, तिथे या शहरातलं प्रत्येक मूल रोज शाळेला जाताना खरोखर घसरतं. तिथे जिराफ नाही, ठिपके नाहीत, पॉलिसी तर नाहीच नाही. मुळात पोरांना खेळण्यासाठी चौथ्या मजल्यावरच्या वातानुकूलित हौदात का जावं लागतं? नगररचनेच्या 2014 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईकराच्या वाट्याला 2 चौरस मीटरही येत नाही. म्हणजे पाय पसरून झोपलात तर शेजाऱ्याच्या हद्दीत. त्या जागेतही अर्ध्या ठिकाणी ‘खेळू नये’ अशी पाटी. आधी मैदान काढून घ्यायचं, त्यावर मॉल उभा करायचा, मॉलच्या डोक्यावर तेच मैदान प्लास्टिकमध्ये बांधायचं आणि तासाच्या दराने, मोज्यांसकट, परत विकायचं. आणि आपण रविवारी रांग लावून, गाडी तळघरात घालून, ते विकत घ्यायला जायचं! आमच्याच जागेचं भाडं, वर पायताणही त्यांचंच!

याच शहराने कधीकाळी मुलांसाठी आख्खा बूट बांधला होता. मलबार हिलवर, 1952 च्या बागेत, म्हातारीचा. आत शिरा, वर चढा, खिडकीतून ओरडा. बूट असूनही मोजे कुणी मागितले नाहीत. तिथून उतरून चौपाटीच्या वाळूत भेळ. नाहीतर माटुंग्याच्या उडप्याकडे, अनोळखी माणसाच्या समोर दाटीवाटीने. तिथे मुलांसाठी वेगळं काहीही नव्हतं. फक्त वेटर न मागता एक रिकामी बशी मुलासमोर आपटून जायचा, पोरगं आपल्या ताटातला अर्धा डोसा खायचं आणि डबऱ्यातून पेल्यात पडणाऱ्या कॉफीची लांब धार तोंड उघडं टाकून बघत बसायचं. त्याचे तासाचे पैसे नव्हते. उलट मागे उभ्या असलेल्यांच्या नजराच सांगायच्या की आता उठा.

पण हे बोलून उपयोग नाही. परवाच भाच्याच्या मुलाच्या वाढदिवसाचं निमंत्रण आलं. स्थळ, वेळ, जिराफाचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत: कृपया आहेर आणू नये, मोजे आणावेत. त्याखाली कंसात: मोठ्यांनीही.