मफलरची झडप

झडपेचा मफलर हे स्पोर्ट्स कारचा आवाज मालकाच्या मर्जीप्रमाणे लहानमोठा करण्याचे साधन आहे. आवाज मोठा होतो तो मालकासाठी आणि लहान होतो तो शेजाऱ्यांसाठी. खर्च मात्र दोन्हींचा मालकच सोसतो. मराठीत मफलर गळ्याला गुंडाळतात आणि गाडीच्या मफलरला सायलेन्सर म्हणतात. काम दोघांचे एकच, घसा झाकण्याचे.

सिलिंडरमधून जळका वायू दाबाने सुटतो आणि प्रत्येक सुटकेबरोबर एक धक्का नळीत शिरतो. आठ सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला असे चार धक्के बसतात. इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२० धक्के होतात. मफलरमध्ये छिद्रे पाडलेल्या नळ्या, कप्पे आणि काही वेळा काचलोकर असते. सरकारी कचेरीत अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत थंडावतो, तसा आवाज या कप्प्यांतून फिरत थंडावतो. दोन्हीकडे वाट जितकी लांब आणि वळणाची, तितकी शांतता अधिक.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील कोलंबस या गावच्या मिल्टन व मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ मध्ये मफलरचे पेटंट घेतले. त्यावर उतारा निघायला फार काळ लागला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘कटआउट’ नावाची झडप मिळू लागली. ती पायाने दाबली की वायू मफलरला वळसा घालून थेट बाहेर पडे. चढावर इंजिनाला मोकळा श्वास मिळावा, हे तिचे अधिकृत कारण होते. सपाट रस्त्यांवरही पुष्कळांना चढ लागू लागला, तेव्हा अनेक शहरांनी कटआउटवर बंदी घातली.

आजची झडप तिचीच सुशिक्षित नात आहे. नळीच्या आत आसावर फिरणारी एक गोल चकती असते. ती आडवी झाली की वायू कप्प्यांतून लांबच्या वाटेने जातो. उभी वळली की सरळ वाटेने. चकती फिरवण्यासाठी विजेची छोटी मोटर असते किंवा इंजिनाच्या निर्वातावर चालणारा पडदा. २००६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट झेड०६ या ७ लिटरच्या, ५०५ अश्वशक्तीच्या गाडीत निर्वाताची पद्धत होती. तिथे निर्वात झडप बंद ठेवतो आणि स्प्रिंग ती उघडते, म्हणजे यंत्रणा बिघडली तर गाडी गप्प बसत नाही, गर्जते. हे ओळखून असंख्य मालकांनी त्या यंत्रणेचा फ्यूज काढून ठेवला. गाडीतला भाग काढल्यावर समाधान मिळण्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

कारखान्यातून झडप न आलेल्या गाडीला ती नंतर बसवता येते. गाडी लिफ्टवर चढवतात आणि गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून वाट पाहतात. जुने मफलर रबरी हँगरवरून उतरवून नवे टांगतात, वायर किंवा निर्वाताची नळी पुढपर्यंत ओढतात आणि केबिनमध्ये बटण बसवतात; काही संचांत रिमोट असतो. तापल्यावर नळ्या लांबतात, म्हणून नळीचे तोंड आणि बंपर यांत अंतर ठेवावे लागते, नाहीतर बंपर वितळतो. स्टेनलेस स्टीलवर राहिलेले बोटांचे ठसे पहिल्याच तापात भाजून निघतात आणि कायमचे राहतात. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी नळ्या पुसाव्यात. काम कोणी केले, याचा पुरावा पुढे पोलिसांनाही उपयोगी पडू नये.

झडप उघडली की ताकद वाढते, पण थोडी; मालकाला मात्र ती बरीच वाटते, कारण ती कानाने मोजलेली असते. हायवेवर एकाच वेगाने जाताना या आवाजाचा सलग घुमारा होतो. पहिल्या दहा मैलांत तो संगीत वाटतो, शंभराव्या मैलाला दातदुखी. झडप बंद करण्याचे खरे सुख तेव्हा कळते, आणि शेजारच्या सीटवर पत्नी असेल तर त्याच्या बरेच आधी.

शेजाऱ्यांचा प्रश्न पहाटेचा असतो. थंड इंजिन सुरू होताच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून फेरे मुद्दाम वाढवले जातात, म्हणजे हवा स्वच्छ राहावी यासाठी आळी जागी होते. फोर्डच्या एका वरिष्ठ अभियंत्याची मस्टँग अशीच गर्जली तेव्हा शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. त्यातून २०१८ च्या मस्टँगमध्ये ‘गुड नेबर मोड’ आला: ठरवलेल्या वेळेत गाडी हलक्या आवाजात सुरू होते. कंपनीच्या आकड्यांनुसार आवाज ८२ वरून ७२ डेसिबलवर येतो. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण निम्मा वाटतो. उरलेला निम्मा सलोख्याने भागवायचा.

महाराष्ट्रात या शास्त्राची एकच शाखा रुजली: बुलेटची पुंगळी. तिला झडप नसते, म्हणून तिला मधली अवस्थाही नसते. गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात, तेव्हा आवाज बंद करण्याची उरलेली एकमेव सोय वापरली जाते.

देखभाल सोपी आहे. बराच काळ बंद राहिलेली झडप काजळी आणि गंज धरून अडकते, म्हणून ती अधूनमधून उघडावी लागते. मालक देखभालीचे हे एक कलम कधीही चुकवत नाहीत.