माजी कबड्डीपटूने घरी आजारी कसे पडावे

कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळलेले, आता चाळिशी ओलांडलेले आणि तापाने घरी झोपण्याची सवय नसलेले जे होतकरू आहेत, त्यांच्यासाठी या सूचना. खो-खोवाल्यांनी वाचायला हरकत नाही. क्रिकेटवाल्यांना साधी शिंक आली तरी चौकशीला माणसे येतात, त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही.

सुरुवात थर्मामीटरने करावी. माजी खेळाडू सुरुवात "मला काही झालेलं नाही" या वाक्याने करतो. ते म्हणायचेच असेल तर एकदाच म्हणावे आणि उभे राहून म्हणू नये, कारण म्हणता म्हणता भिंतीचा आधार घ्यावा लागतो आणि घरचे बघत असतात. आकडा १००च्या पुढे गेला की वाद संपला. ऑफिसला फोन करावा, किरकोळ रजा टाकावी. "उद्या येतोच" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नयेत, साहेब ते लक्षात ठेवतात.

मग औषध. पोटात चार घास मऊ भात आणि वर पॅरासिटामॉल, एवढे पुरते. इथे नवशिक्याचा हात कपाटातल्या दुसऱ्याच पट्टीकडे जातो, गुडघ्यासाठी आणून ठेवलेल्या दुखण्याच्या गोळ्यांकडे. त्या ठेवून द्या. पावसाळ्यात ताप डेंग्यूचाही असू शकतो आणि डेंग्यूत आयब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. गुडघा वीस वर्षे थांबला आहे, अजून आठवडाभर थांबेल.

आता अंथरुणात पडून राहणे. हे सगळ्यात अवघड. शरीर स्वस्थ पडले की जुनी दुखणी हजेरी द्यायला लागतात. डाव्या कोपऱ्यात खेळलेल्या माणसाची करंगळी बहुधा वाकडी असते, साखळी करताना शेजाऱ्याच्या हातात अडकून कधीतरी निखळलेली. एरवी तिची आठवण होत नाही. तापात मात्र कोणत्या मैदानावर, कोणत्या सामन्यात आणि कोणाच्या धक्क्याने, सगळे ती सांगू लागते. ऐकून घ्यावे. प्रत्युत्तरादाखल उठून पवित्रा घेऊन पाहू नये. पलंगापासून बाथरूमपर्यंतचे अंतर साधारण पावणेचार मीटर भरते, म्हणजे मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत जेवढे असते तेवढेच. ते शांतपणे चालत पार करावे आणि चालतच परत यावे. परतताना उंबऱ्याला हात लावून गुण घेण्याची गरज नाही.

दमाची परीक्षा हा प्रत्येक माजी चढाईपटूचा खासगी कार्यक्रम असतो. दार लावून, नाक चोंदलेले असताना, एका श्वासात "कबड्डी कबड्डी" किती चालते ते बघायचे. पूर्वी चढाईला घड्याळ नव्हते. दम टिकेल तोवर चढाई, दम गेला की खेळाडू बाद. तीस सेकंदांची मर्यादा नंतर आली. तुमच्या बाबतीत तिची गरज पडणार नाही, खोकला त्याच्या कितीतरी आधी शिट्टी वाजवेल. परीक्षा घ्यायचीच तर मुले शाळेत गेल्यावर घ्या. नाहीतर "बाबा, कोणाशी बोलताय?" याला उत्तर द्यावे लागते.

आठवणी सांगण्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण बहुतेकांचा खेळ इथेच बिघडतो. श्रोता नीट निवडा. बायकोने तो सामना इतक्यांदा ऐकलेला असतो की पकड कोणी केली हे ती तुमच्याआधी सांगते. आईला सामना आठवत नाही, पण लाल मातीने माखलेल्या चड्ड्या कोणी धुतल्या ते पक्के आठवते. तिच्यापुढे विषय काढाल तर सामना तिच्या बाजूने संपेल. पेजेची वाटी घेऊन आलेली व्यक्ती उत्तम, कारण वाटी रिकामी होईपर्यंत तिला जाता येत नाही. सावकाश प्यावे.

अतिशयोक्ती बेताची. आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्याला अंतिम म्हणू नये. विजेत्यांच्या नावांचा फळा जिमखान्यात अजून लटकतो आणि तुमची पुतणी त्याच कॉलेजात शिकते. ज्याचा घोटा धरला तो चढाईपटू दरवर्षी थोडा उंच होत जातो, एवढी सूट सर्वमान्य आहे. मात्र पुढे तो रेल्वेत लागला, तिथल्या संघातून बरीच वर्षे खेळला आणि तुम्ही विमा कंपनीत हप्त्यांचा हिशेब करायला बसलात, हा भाग गाळू नका. आपल्याकडे कबड्डी खेळणाऱ्या पोराच्या घरी चषकापेक्षा जास्त वाट रेल्वे, पोलीस किंवा बँकेच्या पत्राची असायची. ती पकड तुमची, ते पत्र त्याचे. हे सांगितले की गोष्ट खरी वाटते, शिवाय पेज दुसऱ्यांदा मिळते.

दुपारी दूरदर्शन संच लावावासा वाटेल आणि त्यावर प्रो कबड्डीचा जुना सामना असेल. २०१४पासून हा एक नवा आजार आहे. "आमच्या वेळी मॅट नव्हती, बूट नव्हते" हे वाक्य प्रत्येक डावात एकदाच. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हा नियम आजारपणाला लावू नका. दोनदा उठून बसायचा प्रयत्न फसला म्हणून तिसऱ्यांदा उसळून उठलात तर भोवळ येईल. कोपरारक्षकाने घाई केली तर ओरडू नका. तो तुमचे ऐकत नाही, शेजारचे ऐकतात.

संध्याकाळी डॉक्टर वजनकाट्यावर उभे करतील. वरिष्ठ पुरुष गटाची मर्यादा ८५ किलो आहे. काट्याकडे न बघता समोरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघावे. नाडी मोजताना "खेळाडूंची नाडी मुळातच कमी असते, डॉक्टर" असे सांगू नये. ती नियमित सराव करणाऱ्यांची असते, आणि ताप असताना तर कोणाचीही वाढते. डॉक्टर स्वतः कॉलेजात खेळलेले निघाले तर मात्र बाहेरच्या रुग्णांची क्षमा मागून बसा. तपासणीचे पैसे तेवढेच राहतात.

शेवटची सूचना थट्टेत घेऊ नका. ताप उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी जुन्या मंडळींचा फोन येतो: रविवारी आजी-माजींचा सामना आहे, डाव्या कोपऱ्याला माणूस नाही. सरळ नाही म्हणा. विषाणूजन्य आजारात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि तशात जोराचा खेळ जिवावर बेतू शकतो, चांगल्या तयारीच्या तरुण खेळाडूंच्याही. आधी काही दिवस नुसते चाला. चालताना धाप लागली, छातीत दुखले किंवा धडधडले, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. कोपऱ्यात दुसऱ्या कोणाला तरी उभे करतील.