अडवलेल्या मेलच्या रखवालदार साहेबांस

माननीय मेल सर्व्हर व्यवस्थापक साहेब,



आपलं नाव इथे घालत नाही. आपणही जे करता ते कुणाला न सांगताच करता, तेव्हा फिट्टंफाट.

आम्ही नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा गेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांना खोल्या देणारी माणसं. नागपूरच्या एका शाळेतल्या बाईंनी सहलीची यादी मेलवर पाठवली होती: नावं, वयं, ओळखपत्रांचे क्रमांक. सफारीच्या बुकिंगला ती लागतेच. बाई म्हणायच्या पाठवली, आम्ही म्हणायचो आली नाही. त्यांना वाटलं आम्ही झोपा काढतो, आम्हांला वाटलं जंगलातलं नेटवर्क. दोघांच्या मध्ये साहेब यादी मांडीखाली घेऊन बसलेत, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पुष्कळ फोन झाल्यावर आपण कारण कळवलंत: ‘ह्युरिस्टिक्स.ओएलई२.कंटेन्समॅक्रोज’. वाचून आमच्या पोराला घाम फुटला. नंतर कळलं की यात व्हायरस सापडल्याचं काहीच नाही. फाइलीत मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम, आहे, एवढंच आपला व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही सांगतोय. शाळेच्या क्लार्कनं नावं क्रमानं लावायला एक बटण बसवलं होतं, तोच हा दहशतवादी! बरं, ही तपासणी क्लॅमएव्हीत मुळात बंद असते. कुणीतरी ती हातानं चालू करावी लागते. धन्य तो हात.

मॅक्रो अडवू नका, असं आमचं म्हणणं नाही. २०१६ साली लॉकी नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर असल्याच वर्ड फाइलींतून जगभर फिरलं आणि मंत्रालयातल्या संगणकांपर्यंत पोचलं. पुढे २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपणहून बंद करायला सुरुवात केली. तेव्हा अडवा, जरूर अडवा.

पण अडवलं हे सांगाल की नाही? पाठवणाऱ्याला सांगत नाही, हे पटतं. विषारी मेलवरचा पत्ता बहुतेक खोटा असतो, उत्तर भलत्याच गरिबाच्या दारात जाऊन पडायचं. पण ज्याच्या नावानं मेल आला तो तर आपलाच ग्राहक ना? त्याला रोज एक ओळ कळवायला काय सोनं लागतं? गेटवरचा वनरक्षकही गाडी थांबवतो, पण कागद बघून काय कमी आहे ते तोंडावर सांगतो. गाडी झुडपामागे लपवून ३० दिवसांनी भंगारात काढत नाही. अडवलेले मेल ठेवायच्या आपल्या क्वारंटाइनच्या डब्याची मुदत मात्र नेमकी तेवढीच, आणि नंतर सगळं साफ.

आता आपल्या औदार्याविषयी. आम्ही ओरडलो, तर आपण यादी शोधलीच नाहीत. डबा उघडलात, ‘सगळे निवडा’ केलंत आणि ‘सोडा’ दाबलंत. बाईंची यादी आली, तिच्यामागून सगळी वरातही आली. त्यात एक ‘थकीत बिल.पीडीएफ.जेएस’ होतं. आणखी एक झिप होती, कुलूपबंद, आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच ठळक अक्षरांत लिहिलेला. कुलूप असल्यामुळे गाळणीला आत पाहता येत नाही, पण आमच्यासारख्या भोळ्याला ते उघडता येतं. चोराची ही अक्कल आपल्याकडे असती तर काय बहार आली असती!

त्यावर कळस म्हणजे शाळेचा अख्खा डोमेन आपण ‘विश्वासू’ करून टाकलात. उद्या तिथल्या कुणाचा पासवर्ड फुटला, की चोराला आमच्याकडे थेट सलाम ठोकून प्रवेश.

एक मेल सोडायचा तर काम फार नसतं साहेब. कुणाकडून आला, जोडलेली फाइल कसली, नेमक्या कोणत्या नियमानं अडली, हे बघायचं. व्हायरसची यादी ताजी करून पुन्हा तपासायचं, कारण काल न ओळखलेलं आज ओळखता येतं. शंका राहिलीच तर पाठवणाऱ्याला फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नव्हे, आपल्याकडच्या जुन्या नंबरावर. मग तेवढा एकच सोडायचा. चहा निवायच्या आत होतं. पण त्यासाठी डबा रोज उघडावा लागतो, आणि आपण तर तो आमच्या शिव्या आल्यावरच उघडता.

तेव्हा विनंती एवढीच, की सकाळच्या जिप्सी गेटात शिरतात तेव्हा रात्री काय काय अडवलं त्याची यादी आमच्याकडे यावी. ती तेवढी मॅक्रोविना पाठवा, नाहीतर आपलीच गाळणी आपल्याला धरायची.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, डब्यावर नजर असावी.

आपला,
वेळेवर पैसे भरणारा एक ग्राहक