थंडी खालून येते
हॅमॉकमध्ये हिवाळ्याची पहिली रात्र काढणाऱ्या नवशिक्याला मध्यरात्री शोध लागतो की थंडी वरून नाही, खालून येते. महागड्या स्लीपिंग बॅगेतली पिसं अंगाच्या वजनाने दबतात, त्यांत अडकलेली हवा निघून जाते, आणि ऊब तर त्या हवेचीच असते. मग झोळीखाली बाहेरून बांधायची निराळी रजई विकत घेणं आलं. मानोरा तालुक्यातल्या इंझोरीच्या शिवारात रोही-रानडुकरांपासून हरभरा राखायला मचाणावर जागली करणाऱ्याला हे शास्त्र फुकटात मिळालेलं असतं: खाली कडब्याचा जाड थर, त्यावर वाकळ, मग माणूस. कडबा ताठ, सहजी दबत नाही.

कुणी म्हणेल, हौसेची आणि पोटाची तुलना कशाला? रास्त आहे, फक्त थंडीला तो फरक कळत नाही. जागलीचं कौतुकही बेतानंच केलेलं बरं. कृषिपंपाची वीज रात्रपाळीत आली की मचाणावरचा माणूस उबेतून उठतो आणि अनवाणी गार चिखलात ओलीत करतो. ‘निसर्गाच्या सान्निध्यात एक रात्र’ म्हणून याचं पॅकेज अजून कोणी काढलेलं दिसत नाही.