नेटवर्किंग : न समजता पास होण्याची आदर्श प्रयोगवही

उद्देश : दोन संगणक एकमेकांशी कसे बोलतात, हे स्वतःला अजिबात कळू न देता ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ हा विषय पहिल्या फटक्यात काढणे.

साहित्य : मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सीनियरची भरलेली जर्नल, अख्ख्या बॅचला मिळून एक क्रिम्पिंग टूल आणि टॅनेनबॉमचं जाडजूड पुस्तक (मॉनिटर डोळ्यांच्या उंचीला आणण्यासाठी).

कृती :

१) सात लेयर पाठ करावेत. फिजिकलपासून अ‍ॅप्लिकेशनपर्यंत नावं क्रमाने म्हणता आली की निम्मा विषय झाला. क्रम लक्षात राहत नसेल, तर पिझ्झा फेकू नका असं बजावणारं ते इंग्रजी वाक्य घोकावं. तालुक्यात पिझ्झा मिळत नसला तरी अडत नाही. हे ओएसआय मॉडेल मानक म्हणून प्रसिद्ध झालं १९८४ साली, आणि इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट १ जानेवारी १९८३ लाच टीसीपी/आयपीवर गेलं होतं. आजचं इंटरनेटही त्यावरच चालतं, आणि तिथे सेशन व प्रेझेंटेशन यांना स्वतंत्र लेयरचा मान नाही. मग आपण सात का मोजतो, हे विचारू नये.

२) टपालाची उपमा लिहावी. पत्र, पाकीट, पत्ता, पोस्टमन. लिहिणाऱ्याने जन्मात पाकिटाला तिकीट चिकटवलेलं नसलं तरी गुण मिळतात. फक्त उपमा फार ताणू नये. इथे प्रत्येक राऊटर बाहेरचं पाकीट फाडून नवं चढवतो. म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस दर टप्प्याला बदलतो, आतला आयपी अ‍ॅड्रेस मात्र, वाटेत पत्ता बदलणारं नॅट नसेल तर, तोच राहतो. शिवाय पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. प्रत्येक राऊटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो. हा आकडा नसता तर वाट चुकलेली पॅकेट्स दोन राऊटरमध्ये किती वेळ फिरत बसली असती, हे विचारू नये.

३) केबल क्रिम्प करावी. रंगांचा क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्यांच्या जोडीत निळे का घुसले, असं वाटून काही हुशार मुलं पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा असा ‘नीट’ क्रम दोन्ही टोकांना लावतात. टेस्टरचे आठही दिवे लागतात, सर सही करतात आणि प्रत्यक्षात तारेवर चुका व्हायला लागतात. कारण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक सिग्नल जातो. त्या दोन तारा एकमेकींना पीळ दिलेल्या असल्या, तर बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. जोडी फुटली की तो निघत नाही. टेस्टरला हे का दिसत नाही, हे विचारू नये.

४) सबनेटिंग सूत्राने करावं. मास्क २५५.२५५.२५५.१९२ आला की ‘यंत्रं किती?’ याचं उत्तर ६२. चौसष्टातले दोन कुठे गेले, तर एक खुद्द नेटवर्कचा आणि एक ब्रॉडकास्टचा. त्याच दमात क्लास ए, बी, सी यांचा तक्ता काढावा. क्लास सीमध्ये २५४ यंत्रं मावत आणि क्लास बीमध्ये ६५,५३४. तीनशे यंत्रं असलेल्या संस्थेने बी घेतला की उरलेले पत्ते वाया. आयपीव्ही४चे सगळे पत्ते मिळून जेमतेम ४२९ कोटी, ही उधळपट्टी परवडेना, म्हणून १९९३ मध्ये सीआयडीआर आलं आणि क्लास मोडीत निघाले. तक्ता मात्र चौकट आखून काढावा.

५) १२७.०.०.१ ला पिंग करावं. उत्तर हमखास येतं. स्क्रीनशॉट चिकटवून खाली ‘नेटवर्क यशस्वीरीत्या जोडले’ असं लिहावं. केबल उपटून पुन्हा पिंग करू नये. तरीही उत्तर येईल, कारण ते पॅकेट तुमच्या यंत्राबाहेर पडलेलंच नसतं.

६) व्हायवाला टीसीपी विश्वासू आणि यूडीपी बेभरवशाचा, एवढं ठणकावून सांगावं. ‘मग डीएनएस शक्यतो यूडीपीवरच का विचारतो?’ असं एक्स्टर्नलनी विचारलं, तर ‘फास्ट असतं सर’ म्हणून खाली बघावं. इवलासा प्रश्न आणि इवलंसं उत्तर असेल, तर आधी तीन पायऱ्यांचा हँडशेक करण्यापेक्षा उत्तर न आल्यास पुन्हा विचारणं स्वस्त पडतं, हे बोलू नये. पुढचा प्रश्न येतो.

निरीक्षण : आर्पानेटवरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे गेला. पाठवणारा चार्ली क्लाइन विद्यार्थीच होता. ‘लॉगिन’ टाइप करताना एल आणि ओ पोचले आणि पलीकडचं यंत्र बसलं. तासाभराने त्याने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा जमलं. तिथल्या नोंदवहीत रात्री साडेदहाची एका ओळीची नोंद आहे. थिअरी, आकृती, निष्कर्ष काही नाही. आपल्याकडे एवढ्यावर टर्मवर्क मिळालं नसतं.

अनुमान : वरील कृतीने विषय निघतो. मात्र वाय-फाय बंद पडलं की हा विद्यार्थी राऊटर बंद-चालू करतो आणि पुढे त्याला काही सुचत नाही. ज्याने ही वही उलटी वाचली, तो आधी राऊटरला पिंग करतो, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला, मग एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर बिघाड बहुधा नावावरून आकडा शोधणाऱ्या डीएनएसमध्ये. राऊटरकडून उत्तर येतं पण आकड्यालाही येत नाही, तर बहुधा राऊटरच्या पलीकडे. दोन मिनिटांचं काम.

विशेष सूचना : या वहीत जिथे जिथे ‘विचारू नये’ लिहिलं आहे, तेवढाच खरा विषय आहे, बाकीचं सबमिशन. आज रात्री कमांड प्रॉम्प्ट उघडून ट्रेसरूट (तिथे tracert) चालवा. ते टीटीएल एक, दोन, तीन असं वाढवत पॅकेट्स मुद्दाम मरायला पाठवतं आणि कोणत्या राऊटरने टाकून दिल्याचं कळवलं, त्यावरून वाट शोधतं. काही ओळींवर नुसते तारे येतील. ते का, हे मात्र विचाराच.